भरलेलं बिल

काचेच्या खालच्या फटीतून शिवकन्यानं लाईटचं बिल आत सरकवलं, वर सातशे रुपये ठेवले, आणि पप्पूनं पैसे होते तसे परत बाहेर सरकवले.

"भरलंय की, वैनी."

"आज सकाळी घरी आलंय बिल. मी कवा भरलं?"

पप्पूनं कॉम्प्युटरचा पडदा अर्धवट तिच्याकडं वळवला. पप्पू नावालाच पप्पू. चाळिशी ओलांडलेला, टक्कल पडलेला माणूस. केजच्या बाजारातल्या त्याच्या ऑनलाइन सेंटरवर सातबाऱ्यापासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळं निघायचं, आणि खोटं बोलून त्याला काही मिळणार नव्हतं. पडद्यावर शिवकन्याच्या सासऱ्यांचं नाव होतं. ते जाऊन सात वर्षं झाली तरी मीटर त्यांच्याच नावावर होतं. नावापुढं हिरव्या अक्षरांत 'भरणा झाला' असं लिहिलेलं होतं आणि तारीख कालची होती.

हा चौथा महिना. पहिल्यांदा तिला वाटलं, मशीन चुकलं असेल. दुसऱ्यांदा वाटलं, मागचं काही जमा असेल. तिसऱ्यांदा तिनं कुणाला काही न बोलता पैसे पर्समध्ये ठेवले आणि घरी जाऊन मुकाट्यानं शिवायला बसली. पण चार-चार महिने चुकीला चूक म्हणत राहायचं, तर माणूस एक तर भोळा असावा लागतो, नाहीतर लबाड; आणि शिवकन्या दोन्ही नव्हती.

तिनं हळू आवाजात विचारलं, कुणी भरलं ते दिसतं का. पप्पूला हळू बोलायची सवयच नव्हती. कोण ते दिसत न्हाई, मोबाईलवरून भरलंय कुणीतरी एवढंच दिसतंय, असं त्यानं रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आणि रांगेत नेमकी तिच्या मागंच चंद्रभागाबाई उभी होती. गल्लीतलं समोरचं घर. गल्लीत कुणाच्या घरी काय शिजलं, हे शिजवणारीच्या आधी तिला कळायचं.

"नशीब काढलं बाई," चंद्रभागाबाई म्हणाली. "आमचं बिल तर आमचा नवरा बी भरत न्हाई."

रांगेतली दोन माणसं हसली. शिवकन्याही हसली, कारण न हसणं अजून वाईट दिसलं असतं. नवरा जाऊन दोन वर्षं झालेल्या बाईचं बिल कुणीतरी गुपचूप भरतंय, एवढी एक गोष्ट केजसारख्या गावात बाहेर पडली की तिला पुढं कुणी तिखटमीठ लावायची गरज नसते. लोक ते घरूनच घेऊन येतात.

घर बाजारापासून दहा मिनिटांवर. पुढच्या खोलीला शटर, आत शिलाई मशीन, फॉल-पिकोचं मशीन, भिंतीला टांगलेली ब्लाउजं. नवरा सोमलिंग गेल्यावर तिनं हे दुकान टाकलं तेव्हा भावकीतली चार माणसं सासूकडं येऊन बसली होती. तरण्या सुनेला रस्त्यावरच्या खोलीत बसवू नका, आज बायका येतील, उद्या त्यांच्या मागं पुरुष येतील, असं त्यांचं म्हणणं. सासू गंगासागर हिनं त्यांना चहा पाजला आणि सांगितलं की सुनेची जामीन मी आहे, तुम्ही आपापल्या घराकडं बघा. तेव्हापासून दुकान चालू होतं. लेक धनश्रीची शाळा, शिकवणी, घरातलं सामान, सगळं त्या दोन मशिनींवर चालायचं. शिवकन्याला सासूची भीती वाटायची, पण त्या एका दिवसासाठी ती जन्मभर तिचे पाय दाबायला तयार होती.

ती पोचली तेव्हा गंगासागर दुकानातच, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली होती. तिथं ती कधी बसायची नाही. चंद्रभागाबाई रांगेत असली तरी घरी तिच्या सुनेकडं फोन होता, आणि फोनला चालत यावं लागत नाही.

"किती दिवस झालं हे?"

"चार म्हैने, आत्याबाई."

"आन मला आज कळतंय. ते बी दुसऱ्याच्या तोंडून."

शिवकन्यानं सांगायचा प्रयत्न केला. तिला वाटलेली चूक, मशीन, जमा रक्कम. बोलता बोलता तिचं तिलाच ते खोटं वाटायला लागलं. खरं बोलताना माणसाची जीभ अडखळली की खरंही खोट्यासारखं ऐकू येतं, आणि तिची जीभ सारखी अडखळत होती. सासूनं मध्ये काही विचारलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि उठली.

"तुझ्यासाठी मी चार माणसांत मान ताठ केली. आता शटर खाली घे. कोन भरतंय ते कळंस्तोवर उघडायचं न्हाई."

"लग्नाचे सात ब्लाउज हायेत आत्याबाई, रविवारी द्यायचेत."

"लोक ब्लाउज बघत्यात व्हय? लोक शिवणारी बघत्यात."

शिवकन्यानं भर दुपारी शटर ओढलं. त्याचा आवाज गल्लीभर गेला असणार. समोरच्या खिडकीचा पडदा हलला की नाही हे तिनं मुद्दाम पाहिलं नाही. अंधारात उभं राहून तिनं आठवून पाहिलं, कोण असेल. धागे देणारा अंबाजोगाईचा व्यापारी? तो तिला ताई म्हणायचा. धनश्रीच्या शाळेतले सर? मशीन दुरुस्तीला येणारा? ज्याचं ज्याचं नाव आठवलं, त्याच्याशी आपण कधी हसून बोललो होतो का, हेही ती आठवायला लागली. बोललो होतो. सगळ्यांशीच बोललो होतो. दुकान टाकलं की तोंड पाडून कसं चालेल? पण आता त्या प्रत्येक हसण्याचा हिशोब कुणीतरी मागणार, असं तिला वाटलं आणि तिला स्वतःचीच चीड आली.

दिवेलागणीला सासूनं तिला बोलावलं. धनश्री शिकवणीला गेली होती. गंगासागरच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळं बारीक अक्षर तिला दिसायचं नाही.

"ते बिल आन. वाच."

"काय वाचू?"

"समदं. वरून खालपत्तोर."

शिवकन्यानं वाचलं. सासऱ्यांचं नाव, ग्राहक क्रमांक, मागचं रीडिंग, चालू रीडिंग, युनिट. खाली एका चौकोनात मागच्या बाकीचा आकडा होता. ती वाचून पुढं जाणार होती, तर सासूनं थांबवलं.

"वजा तेरा म्हंजी काय?"

"म्हंजी मागच्या म्हैन्यात तेरा रुपये जास्तीचे भरलेत. ते यातून कमी केलेत."

"आन त्याच्या आधी?"

भिंतीवरच्या तारेला जुनी बिलं टोचलेली होती. तिनं मागचं काढलं. त्यात वजा बावीस होते. त्याच्या आधीच्यात वजा सहा. सासूनं ते आकडे तिच्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतले. गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीवर तिचा अंगठा फिरत राहिला. तिनं तीनही बिलं मागून घेतली, घडी केली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली.

ही म्हातारी आता ही बिलं भावकीपुढं ठेवणार, चार माणसं पुन्हा येऊन बसणार, आणि यावेळी चहा पिऊन निघून जाणार नाहीत, असं शिवकन्याला स्पष्ट दिसलं. सासू शिव्या देत राहिली असती तर तिला बरं वाटलं असतं. गंगासागर रात्री जेवली नाही. भूक नाही म्हणाली.

"उद्या लाईटच्या हाफिसात जा," अंथरुणावर पडता पडता ती म्हणाली. "पक्कं इच्यार. नाव घिऊनच ये."

दुसऱ्या दिवशी शिवकन्या अकराच्या आत ऑफिसात पोचली. टेबलामागं तानाजीराव नावाचे कारकून होते, निवृत्तीला आलेले. घरून ठरवून आणलेलं वाक्य तिनं एका दमात म्हणून टाकलं.

"साहेब, आमचं बिल दुसऱ्या कुणी भरू नये, असं काय करता येतं का?"

तानाजीरावांनी चष्मा काढला आणि परत सांगा म्हणाले. तिनं परत सांगितलं. तेव्हा ते म्हणाले की सव्वीस वर्षं झाली नोकरीला, बिल माफ करा म्हणणारे रोज येतात, हप्ते पाडा म्हणणारे येतात, एकजण तर रागानं मीटरच उपटून या टेबलावर ठेवून गेला होता; पण आमचं बिल भरू देऊ नका म्हणणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा पाहिलं. शेजारच्या टेबलावरचे हसले. शिवकन्या हसली नाही. तिचा चेहरा पाहून तानाजीरावांनीही हसणं आवरलं आणि तिला बसायला खुर्ची दिली.

मग त्यांनी तिला एकेक मार्ग सांगितला. बँकेला सांगून ठेवायचं, बिल निघालं की पैसे आपोआप कापले जातात. पण बँक कापते शेवटच्या तारखेच्या आसपास. त्याच्या आधी कुणी भरायचं म्हटलं तर भरू शकतो. आधी पैसे टाकून वीज वापरायची, मोबाईलच्या रिचार्जसारखी, असंही आता निघालंय. पण रिचार्जही कुणी कुणाचं करू शकतो. तिसरा मार्ग म्हणजे जुनं कनेक्शन बंद करायचं आणि स्वतःच्या नावावर नवीन घ्यायचं. नवा क्रमांक, कुणाला माहीत नसलेला. त्याला घराच्या मालकाची संमती लागेल, स्टॅम्पवर.

"घर सासूच्या नावावर हाय," शिवकन्या म्हणाली.

"मग सासूबाईंची सही आणा."

सासूची सही. कालपासून सासूनं तिच्या हातचा चहासुद्धा अर्धा ठेवला होता. शिवकन्या खुर्चीवरून उठलीच नाही. उठून जायचं कुठं हे तिला कळत नव्हतं. नाव घेतल्याशिवाय घरी जाता येत नव्हतं आणि नाव या इमारतीत कुणाकडं नव्हतं.

"पण तुम्हाला मेसेज येत नाही का?" तानाजीरावांनी विचारलं. "बिल निघालं की येतो. भरलं की येतो."

तिला कधी एकही मेसेज आला नव्हता. तानाजीरावांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. मोबाईल नंबर तर टाकलेला होता, आठ-नऊ वर्षांपूर्वीच. त्यांनी नंबर बदलायचा एक अर्ज तिच्यापुढं ठेवला, यात जुना नंबर लिहा, खाली तुमचा लिहा, सही करा म्हणाले, आणि जुना नंबर एकेक आकडा करत वाचून दाखवला. तिच्याकडं पेन नव्हता म्हणून तिनं तो मोबाईलमध्ये दाबला. मोबाईल सोमलिंगचाच होता, तो गेल्यापासून ती वापरायची. सातवा आकडा दाबल्यावर फोननं स्वतःहूनच नाव दाखवलं.

दादा परळी.

शिवकन्या त्या दोन शब्दांकडं बघत राहिली. तानाजीरावांनी दोनदा विचारलं, काय झालं, पाणी पाहिजे का. नको म्हणून ती अर्ज हातात घेऊन बाहेर आली.

दादा परळी म्हणजे रुद्रेश, सोमलिंगचा थोरला भाऊ. नऊ वर्षांपूर्वी घर एक होतं, सासरे जिवंत होते, आणि घरातल्या सगळ्या कामांना रुद्रेशचाच नंबर दिलेला असायचा. सासरे गेल्यावर त्यानं वाटणी मागितली. बाजारातलं किराणा दुकान त्याच्या वाट्याला आलं आणि त्यानं ते वर्षभरात विकून परळीला स्टेशनजवळ कटलरीचं दुकान टाकलं. केजच्या दुकानात त्याचा जीव रमत नव्हता. त्याचं दुकानदारीचं गणितच वेगळं. गिऱ्हाइकाकडं सुट्टे नसले की चार-पाच रुपये सोडून द्यायचा, उरलेले परत घ्यायला उभा राहायचा नाही, आणि वाण्याच्या पोटी हे काय जन्माला आलं म्हणून आई त्याला गिऱ्हाइकांदेखत बोलायची. पण नवऱ्यानं उभं केलेलं दुकान त्यानं परक्याला विकलं, तेव्हा तिचं बोलणं संपलं. तिनं गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि सांगितलं की याच्या घरचं पाणी मला वर्ज्य. सोमलिंगच्या मातीला तो आला होता. अंगणात बसला, सगळ्यांत शेवटी उठला आणि गेला. आईनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

तहसील कचेरीच्या भिंतीच्या सावलीत उभं राहून तिनं फोन लावला. रस्त्यावरून जीपवाले अंबाजोगाई, अंबाजोगाई ओरडत होते. कुणी ओळखीचं बघत नाही ना, म्हणून ती चारी बाजूंना पाहत होती. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण थोरला दीर म्हणजे भाया, आणि ही भावजय. दोघांत समोरासमोर दहा वाक्यंसुद्धा झाली नसतील.

तिकडून आधी खोकल्याचा आवाज आला, मग "हॅलो."

"दादा, मी शिवकन्या. लाईटचं बिल तुमी भरताव का?"

रुद्रेशनं उलट विचारलं, "आईला कळलं काय?"

तेवढ्यानं तिला रडू फुटलं. भिंतीकडं तोंड करून ती बोलत राहिली. पप्पूचं सेंटर, चंद्रभागाबाई, शटर, सात ब्लाउज, चार माणसं. ती जे बोलली त्यात राग होता आणि सुटकाही होती, आणि भायाशी कसं बोलावं याचं तिला भान राहिलं नाही. तुमचं पुण्य होतंय आणि माझं नाव जातंय, असंही ती म्हणाली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हळूहळू सांगितलं. चार महिन्यांपूर्वी त्याला मेसेज आला होता की बिल थकलंय, पुरवठा बंद करू. धनश्रीला टायफॉईड झाला होता तो महिना. त्याला ते माहीत नव्हतं. पण घरात काहीतरी झालंय, एवढं त्याला कळलं. त्यानं भरून टाकलं. मग पुढच्या महिन्यातही राहवलं नाही. सहाशे सत्त्याऐंशी आलं की सातशे भरायचे, सुट्ट्याच्या नादी कोण लागतो.

"इकडं आल्यापासनं सहा वर्षं मेसेज येतोय मला," तो म्हणाला. "युनिट वाढले की कळतं, कूलर लावला असंल, आईला उकडतंय. थंडीत लई कमी आले की वाटतं, बरं हायेत ना समदे. दुसरं कोन सांगतंय मला तिकडचं?"

शिवकन्याच्या हातात अर्ज होता. जुना नंबर, नवा नंबर, सही.

"आता न्हाई भरत," तो म्हणाला. "तुमी आईला सांगून टाका. माझं काय, मला बोलणी काय नवी न्हाईत. तुमच्या नावाला बट्टा नको."

तिनं डोळे पुसले. बिल इथून पुढं हातात पडलं त्याच दिवशी मी भरीन, असं तिनं त्याला सांगितलं. मेसेज मात्र तिकडंच येऊ द्या, म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं अर्जाची घडी केली आणि पर्समध्ये टाकली. तानाजीरावांकडं परत गेली नाही.

घराकडं चालताना मात्र ती हिशोब मांडायला लागली. नाव मिळालं होतं, आणि ते असं नाव होतं की ते घेतलं तर ती सुटणार होती. तिचं दुकान, तिचं नाव, सगळं परत मिळणार होतं. पण म्हातारीचं काय? घरच्या बोअरची मोटार लाईटवर चालते. चार महिने टाकीत जे पाणी चढलं, ते रुद्रेशच्या पैशानं चढलं. तेच पाणी गंगासागर रोज पूजेला घेत होती, तेच पीत होती. लिंगाला हात लावून घेतलेली शपथ चार महिने रोज मोडत होती आणि मोडणारीला पत्ता नव्हता. तिला हे सांगितलं तर ती काय करील? मठातल्या जंगमस्वामींना बोलावून प्रायश्चित्त घेईल, अन्न सोडील, या वयात. आणि रुद्रेशला एक मेसेज येत होता तेवढाही, मीटर बदलून, तोडून टाकील. बाजारातून गल्लीत वळेपर्यंत शिवकन्यानं दोनदा ठरवलं की खरं सांगायचं आणि दोनदा मोडलं. शटरपाशी आल्यावर ते बंद शटर बघून तिनं पुन्हा ठरवलं की सांगायचंच. आपण काय सगळ्यांचं झाकायचा मक्ता घेतलाय?

गंगासागर आत भिंतीला टेकून बसली होती. तिनं सुनेला बस म्हटलं. समोर तांब्या ठेवला. आधी पाणी पी, म्हणाली. शिवकन्यानं तांब्याकडं पाहिलं, सासूच्या सुकलेल्या ओठांकडं पाहिलं, आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"सरकारची योजना हाय, आत्याबाई. सरकारच भरतंय."

"सरकार."

"व्हय. ज्या घरात कमावता माणूस न्हाई, त्या घराचं."

खोटं बोलायची सवय नसली की माणूस नको तितकं बोलतो. ती योजनेबद्दल बोलत सुटली. यादी लागली होती, आपल्याला कळलं नाही, वरूनच पैसे येतात. गंगासागर तिच्या चेहऱ्याकडं बघत होती. मोतीबिंदूमुळं तिला किती दिसत होतं कोण जाणे.

"समद्यांनाच हाय, का आपल्याच घराला?"

"सध्या... थोड्याच घरांना हाय."

"तू बोललीस सरकारशी?"

"फोनवर बोलले."

गंगासागरनं खाली बघून पदर सारखा केला. "आवाज बरा होता का?"

शिवकन्यानं वर पाहिलं.

"जरा खोकत होतं," ती म्हणाली.

"खोकणारच. तिथं थर्मलची राख लई उडती."

गंगासागरनं कमरेच्या पिशवीतून कालची तीन बिलं काढली आणि पुन्हा तारेला टोचायला सुनेच्या हातात दिली. मग तांब्या उचलला, वरून धार धरून घटाघटा पाणी प्यायली आणि तोंड पुसलं.

"शटर वर कर. दिवसाढवळ्या कावून बंद ठिवलंय? रविवारी ब्लाउज द्यायचेत न्हवं."

"करते."

"आन चंद्रभागीनं इच्यारलं तर सांग, माझ्या सासूला समदं ठावं हाय म्हणावं. जास्तीचं काय इच्यारायचं असंल तर माझ्याकडं ये म्हणावं."

शिवकन्या उठली. दारापर्यंत गेली तेव्हा सासूनं मागून हाक मारली.

"सरकारला फोन कर. सोमवारी जेवायला ये म्हणावं. बायकोला, लेकरांना घिऊन ये म्हणावं."

"आत्याबाई, पण तुमची शपथ..."

"माझी शपथ माझ्यापाशी. सरकारनं कुठं घेतलीय?" गंगासागर म्हणाली. आवाज नेहमीसारखाच खडा होता, फक्त ती भिंतीकडं बघून बोलत होती. "आन भाजी वेगळी काढ. तिखट घालू नको तिच्यात. त्याला सोसत न्हाई, लहानपणापासनं."